डबक्यातल्या बेडकाला इन्फेक्शन का होत नाही?

दर पावसाळ्यात आमच्या बाथरूममध्ये एक बेडूक येतो. सिंहगड रोडला, तळमजल्यावर राहायचं आणि मागे ओढा असला की हे चालायचंच, तो जाळीतून येतो की ड्रेनेजमधून ते अजून कळलेलं नाही पण जूनचा पहिला दणक्यात पाऊस झाला की दोन दिवसांत साहेब बादलीमागे हजर. यंदा भाचा राहायला आला होता, सातवीत आहे, त्याने सरळ हात घातला उचलायला, तर आतून सासूबाई ओरडल्या, "अरे सोड त्याला, चामखीळ येईल हाताला!" चामखीळ बेडकाने येत नाही, ती माणसांमधल्याच एका व्हायरसने येते, हे मी त्यांना लग्न झाल्यापासून सांगतेय आणि त्या "हो हो" म्हणतात आणि पुढच्या पावसाळ्यात परत ओरडतात. पण भाच्याने विचारलेला प्रश्न भारी होता. म्हणाला, "मावशी, हा त्या ओढ्यातून आलाय ना? मग याला काही कसं होत नाही? मला नुसतं खरचटलं तरी तू लगेच डेटॉल लावतेस."

मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, आता भोसरीला एका लॅबमध्ये पाण्याचे सँपल तपासते, त्यामुळे त्या ओढ्यात काय काय असतं याची मला जरा जास्तच कल्पना आहे. त्याला दोन मिनिटांत उत्तर दिलं खरं पण ते अर्धवट होतं, म्हणून हे सगळं नीट लिहायला घेतलं.

आधी बेडकाची कातडी समजून घेऊ. आपली त्वचा म्हणजे वरून मेलेल्या, सुक्या पेशींचा थर, रेनकोटच समजा. बेडकाला असा रेनकोट घालून चालतच नाही, कारण तो कातडीतून पाणी पितो आणि बराचसा श्वासही कातडीतूनच घेतो. ऑक्सिजन आत यायचा तर कातडी पातळ हवी आणि सतत ओली हवी. आता पातळ, ओली, कोमट हवेतली आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली जागा म्हणजे बॅक्टेरिया आणि बुरशीला आवतणच की. भिजवलेल्या ब्रेडचा तुकडा तुम्ही ओढ्यात ठेवा आणि दोन दिवसांनी बघा काय होतं ते. बेडूक त्याच ओढ्यात अख्खं आयुष्य काढतो.

तर त्याने यावर केलेली सोय म्हणजे कातडीतल्या ग्रंथी. दोन प्रकारच्या असतात. एक चिकट बुळबुळीत द्रव सोडतात, ज्याने अंग ओलं राहतं. दुसऱ्या असतात दाणेदार ग्रंथी, त्यांच्यात छोट्या छोट्या दाण्यांच्या रूपात रसायनं भरून ठेवलेली असतात, आणि या ग्रंथींभोवती बारीक स्नायूपेशींची जाळी असते. बेडूक घाबरला, जखमी झाला, कोणी तोंडात धरला की ॲड्रेनालिनसारखे सिग्नल जातात, जाळी आवळली जाते आणि मेंदीचा कोन दाबावा तसा माल बाहेर. आमच्या कॉलेजच्या वेळी प्रॅक्टिकलला बेडूक असायचे (आता बंद झालं, बरंच झालं), क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकले की त्यांच्या अंगावर पांढरट फेसासारखं काहीतरी यायचं आणि आम्ही "ईईई" करत ते कापसाने पुसून टाकायचो. संशोधक ज्याच्यासाठी जंगलं पालथी घालत होते ते आम्ही डस्टबिनमध्ये टाकत होतो!

या फेसात असतात काय? बऱ्याच गोष्टी, पण आपल्या कामाच्या आहेत त्या पेप्टाइड. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, शेकडो मणी असलेली, तर पेप्टाइड म्हणजे त्यातलीच आखूड माळ, दहा-वीस-चाळीस मण्यांची.

बेडकाच्या कातडीत जंतू मारणारं काहीतरी आहे हे १९७० सालीच युरोपातल्या पिवळ्या पोटाच्या एका भेकामध्ये दिसलं होतं, त्या पदार्थाला बॉम्बिनिन नाव दिलं गेलं, पण तेव्हा फार कोणी हललं नाही. ॲन्टिबायोटिक्सचा सुकाळ होता, बेडकाच्या मागे कोण लागणार. खरी गडबड उडाली १९८७ मध्ये आणि ती गोष्ट मला अजून आवडते.

अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत मायकेल झासलॉफ नावाचे डॉक्टर-संशोधक होते. त्यांचं काम बेडकाच्या कातडीवर नव्हतंच, त्यांना हवी होती बेडकाची अंडी. झेनोपस नावाचा आफ्रिकेतला बेडूक आहे, नखं असलेला, लॅबमध्ये फार वापरतात. (१९३० नंतर काही दशकं तर हा बेडूक प्रेग्नन्सी टेस्ट म्हणून वापरायचे, बाईची लघवी मादीला टोचायची, बाई गरोदर असेल तर ही अंडी घालणार. किट यायच्या आधीचे दिवस.) तर झासलॉफ मादीचं पोट छोटं कापायचे, अंडी काढायचे, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचे. टाकीतलं पाणी काही निर्जंतुक नव्हतं, चांगलं गढूळ, बॅक्टेरियाने भरलेलं. आणि तरी जखमा भरून येत होत्या, पू नाही, सूज नाही, लाली नाही. असं पोट कापून माणसाला मुळा-मुठेत सोडलं तर काय होईल ते सांगायला नको.

ही गोष्ट त्यांच्याआधी कितीतरी लोकांच्या डोळ्यासमोर होती, जगभर हेच ऑपरेशन चालू होतं. पण "असं का?" हे यांनी विचारलं. कातडी वाटून, गाळून, वेगवेगळे अंश काढून बघितलं तर दोन पेप्टाइड सापडली, प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची, एकमेकांपेक्षा फक्त दोन मण्यांनी वेगळी. नाव ठेवलं मॅगेनिन, हिब्रूत मागेन म्हणजे ढाल, त्यावरून. बॅक्टेरिया मरत होते, बुरशी मरत होती, काही एकपेशीय जीवही मरत होते.

आता हे मारतं कसं, हा भाग सगळ्यात सुंदर आहे त्यामुळे इथे जरा वेळ घेते.

नेहमीचं ॲन्टिबायोटिक साधारण कसं काम करतं? बॅक्टेरियाच्या आतलं एखादं ठराविक मशिन पकडतं. पेनिसिलिन त्याची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला अडकून बसतं, दुसरं एखादं प्रोटीन बनवणारा कारखाना बंद पाडतं. कुलूप आणि किल्ली. पण अडचण अशी की बॅक्टेरियाने कुलूप जरासं बदललं की किल्ली बाद, आणि बॅक्टेरिया वीस-तीस मिनिटांत पिढी बदलतो त्यामुळे कुलपं बदलायला त्याला वेळ लागत नाही. शिवाय किल्लीच मोडून टाकणारी एन्झाइम बनवतो. नवी दिल्लीचं नाव लागलेलं ते एनडीएम-१ आठवतंय का, २००९-१० ला पेपरात गाजलं होतं, ते असलंच एक किल्ली मोडणारं एन्झाइम.

मॅगेनिन कुलपाच्या वाटेलाच जात नाही. ते भिंतीतच शिरतं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर पेशीच्या पातळ तेलकट आवरणात, मेम्ब्रेनमध्ये. बॅक्टेरियाच्या मेम्ब्रेनच्या बाहेरच्या बाजूला निगेटिव्ह चार्ज असलेले रेणू भरपूर असतात. मॅगेनिनच्या माळेत लायसिन नावाचे मणी असतात, त्यांच्यावर पॉझिटिव्ह चार्ज. पुढचं सांगायला नको, स्वेटर काढताना केस चिकटतात तसं ते जाऊन चिकटतं.

चिकटल्यावर दुसरी गंमत. पाण्यात असताना ही माळ सैल, अस्ताव्यस्त असते. मेम्ब्रेनला टेकली की ती पीळ घेते, स्प्रिंगसारखी होते. आणि मण्यांचा क्रम असा आहे की पीळ पडल्यावर स्प्रिंगच्या एका अंगाला सगळे पाणी आवडणारे, चार्जवाले मणी येतात आणि दुसऱ्या अंगाला सगळे तेल आवडणारे. भांडी घासायच्या साबणाचं तत्त्व तेच ना, एक टोक तेलाकडे एक टोक पाण्याकडे. तर या स्प्रिंगची तेलकट बाजू मेम्ब्रेनच्या तेलकट भागात रुतते आणि चार्जवाली बाजू वर राहते.

एक-दोन स्प्रिंगनी काही होत नाही. पण त्या जमत जातात, जमत जातात, आणि एका मर्यादेनंतर मेम्ब्रेनला ताण सहन होत नाही, जागोजागी ते आत वाकतं आणि भोक पडतं. आमच्या सोसायटीच्या टेरेसचं असंच झालं होतं, चार वर्षं नुसती ओल दिसत होती, सगळे म्हणत होते बघू पुढच्या मीटिंगला, आणि मग एका ऑगस्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या हॉलमध्ये धार लागली. फरक इतकाच की बॅक्टेरियाच्या बाबतीत हे सगळं काही मिनिटांत उरकतं. आतले क्षार बाहेर, बाहेरचं पाणी आत, पेशीची बॅटरी डाउन, खलास.

मग साहजिक प्रश्न, आपल्या पेशींना, किंवा खुद्द बेडकाच्या पेशींना भोकं का पडत नाहीत? कारण प्राण्यांच्या पेशीचं मेम्ब्रेन बाहेरच्या बाजूने जवळजवळ न्यूट्रल असतं, निगेटिव्ह चार्जचे रेणू आपण आतल्या बाजूला लपवून ठेवलेले असतात. शिवाय आपल्या मेम्ब्रेनमध्ये कोलेस्टेरॉल असतं, ज्याने ते जरा घट्ट होतं. (कोलेस्टेरॉलबद्दल चांगलं बोललेलं क्वचित ऐकायला मिळतं म्हणून मुद्दाम सांगितलं.) म्हणजे बेडकाने शस्त्र असं निवडलंय जे स्वतःला फारसं लागत नाही पण जंतूंना लागतं, आणि ते ज्या फरकावर चालतं तो फरक एखाद्या जीनचा नाही, कोट्यवधी वर्षं जुना आहे.

आणि हे फक्त बेडकाकडे नाही बरं का. स्वीडनमधल्या हान्स बोमन यांच्या टीमने १९८१ लाच एका मोठ्या पतंगाच्या कोशात असली पेप्टाइड दाखवली होती, सेक्रोपिन. आपल्या शरीरातही आहेत, घामात डर्मसिडिन असतं, पांढऱ्या पेशी आणि त्वचा एलएल-३७ नावाचं बनवतात, ३७ मण्यांचं. बेडकाचं वेगळेपण म्हणजे त्याच्याकडे ती पोत्याने आहेत आणि जात बदलली की पेप्टाइडही बदलतात. आज उभयचरांच्या कातडीतली हजाराच्या वर पेप्टाइड माहिती आहेत. टेम्पोरिन, ब्रेव्हिनिन, एस्क्युलेंटिन, डर्मासेप्टिन, नावं वाचली तर एखाद्या केमिस्टच्या बिलासारखी वाटतात.

रशियातली एक गंमत सांगते. तिकडे जुन्या काळी, फ्रिज नव्हता तेव्हा, दूध टिकावं म्हणून त्यात चक्क जिवंत बेडूक सोडायचे म्हणे. आपल्याला ऐकूनच कसंतरी होतं. पण मॉस्कोच्या केमिस्ट लोकांनी २०१२ ला त्याच जातीच्या तपकिरी बेडकाच्या कातडीतला स्राव तपासला तर ७६ पेप्टाइड ओळखता आली आणि त्यातली काही बॅक्टेरियाविरुद्ध चांगली चालली. तरी दूध फ्रिजमध्येच ठेवा.

आपल्याकडचं बघायचं तर पावसाळ्यात जो मोठा बेडूक दिसतो, नर एकदम लिंबासारखा पिवळा होतो आणि मुळशी-भोरकडे भाताच्या खाचरात रात्रभर डराव डराव करून झोप उडवतो, त्याच्या कातडीत टायगरिनिन सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. हे मॅगेनिनपेक्षाही निम्मं, ११-१२ मण्यांचं, आणि त्यात स्प्रिंग नाही तर छोटंसं कडं आहे, माळेचे दोन मणी एकमेकांना गंधकाच्या बंधाने बांधलेले. एवढंसं असून काम करतं, आणि छोटं म्हणजे लॅबमध्ये बनवायला स्वस्त, म्हणून त्याचं कौतुक. याच बेडकाच्या तंगड्या आपण एकेकाळी टनावारी परदेशात पाठवायचो, सरकारने ती निर्यात बंद केली १९८७ ला. मॅगेनिनचा पेपर आला तेच साल, योगायोग, पण मला तो कायम खटकतो, की ज्याच्या कातडीत काय आहे ते बघायला कोणाला सवड नव्हती त्याच्या तंगड्या मात्र मोजून पॅक होत होत्या.

आणखी एक, यात तर थेट पुण्याचा धागा आहे. पश्चिम घाटात आणि आसपास सोनेरी-तांबूस पाठीचा एक बेडूक असतो. त्याला बरीच वर्षं दुसऱ्याच जातीत धरत होते, २०१५ मध्ये तो वेगळी जात आहे असं दाखवणारा पेपर आला तो आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांचा, म्हणजे आपल्या गरवारे कॉलेज आणि आयसर या विज्ञान संस्थेतली मंडळी. नाव ठेवलं बहुविस्तारा, कारण त्याचा पसारा मोठा. दोनच वर्षांत, २०१७ ला, केरळमधलं राजीव गांधी सेंटर आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांनी याच जातीच्या स्रावात फ्लूचा व्हायरस मारणारं पेप्टाइड दाखवलं. बेडकांना अगदी सौम्य विजेचा झटका देऊन स्राव गोळा केला आणि बेडूक परत सोडून दिले. ३२ पेप्टाइड तपासली, चार फ्लूवर चालली, त्यातली तीन माणसाच्या लाल रक्तपेशीही फोडत होती, म्हणजे बाद. उरलेल्या एकाला नाव दिलं उरुमिन, केरळच्या कलरीपयट्टूमध्ये ती पट्ट्यासारखी लवचिक तलवार असते ना, उरुमी, त्यावरून. ते एच१ गटातल्या फ्लूच्या व्हायरसला फोडतं आणि उंदरांना त्याने वाचवलं. आता एच१एन१ म्हटलं की पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवणारच, स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू इथे झाला होता, रुमालाचे मास्क बांधून सगळं शहर फिरत होतं. त्याच व्हायरसच्या भावकीला फोडणारी गोष्ट सह्याद्रीतल्या एका बेडकाच्या पाठीवर होती. उरुमिनचं औषध झालेलं नाही, ते उंदरांपर्यंतचं काम आहे हेही सांगायला हवं, नाहीतर व्हॉट्सॲपवर उद्या "बेडकापासून फ्लूवर इलाज" असं फिरायला लागेल.

आणि इथेच खरा प्रश्न येतो. १९८७ पासून जवळजवळ चाळीस वर्षं झाली. हजार पेप्टाइड सापडली. मग मेडिकलमध्ये बेडकाच्या पेप्टाइडचं ॲन्टिबायोटिक का मिळत नाही?

प्रयत्न झाला नाही असं नाही. झासलॉफनी कंपनी काढली. मॅगेनिनमध्ये फेरफार करून पेक्सिगनन नावाचं सुधारित पेप्टाइड बनवलं, २२ मण्यांचं, मूळ मॅगेनिनमध्ये पॉझिटिव्ह चार्जचे लायसिन चार होते, यात नऊ केले. डायबेटिसवाल्यांच्या पायाला ज्या जखमा होतात आणि चिघळतात, त्यावर लावायचं क्रीम. आपल्याकडे घरटी एक डायबेटिस आहे त्यामुळे हे काय प्रकरण असतं ते वेगळं सांगायला नको, माझ्या मोठ्या काकांचा अंगठा असाच गेला. ८३५ पेशंटवर चाचण्या झाल्या, अर्ध्यांना हे क्रीम आणि अर्ध्यांना तोंडाने घ्यायची ओफ्लॉक्सॅसिनची गोळी. दोन्हीकडे साधारण ८५ ते ९० टक्के लोकांना बरं वाटलं. ऐकायला छान वाटतं ना? पण औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्ये नकार दिला. गोळी आधीच बाजारात आहे, मग हे क्रीम खरंच काम करतंय हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही, असा एकूण सूर. पुढे दुसऱ्या एका कंपनीने परत चाचण्या केल्या, या वेळी क्रीममध्ये औषध असलेलं आणि नसलेलं अशी तुलना, आणि २०१६ मध्ये निकाल आला की फरक दिसत नाही. संपलं.

मला पहिल्यांदा हे वाचून वाईट वाटलं होतं, आता वाटतं की आपली अपेक्षाच जरा चुकीची होती. आपल्याला सवय आहे गोळीची. गोळी घ्यायची, पोटातून रक्तात जाणार, रक्तातून सगळीकडे. पेप्टाइड पोटात गेलं की आपली पचनाची एन्झाइम त्याला वरणातल्या प्रोटीनसारखं कापून टाकतात. इंजेक्शन दिलं तर रक्तातली एन्झाइम कापतात, शिवाय ते रक्तातल्या इतर प्रोटीनना चिकटून बसतं. डोस वाढवावा तर मघाशी म्हटलेला निगेटिव्ह-न्यूट्रलचा फरक पुरा पडत नाही आणि लाल पेशी फुटायला लागतात. आणि एकेक मणी जोडत पेप्टाइड बनवणं महाग. पेनिसिलिनचं तसं नाही, ते मोठ्या टाकीत बुरशी वाढवून काढता येतं. पिंपरीला एचए आहे ना, हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स, १९५४ साली उभी राहिली ती याच टाक्यांच्या जोरावर. एचएवाल्यांना तर पिंपरीच्या मातीतही एक जीवाणू सापडला होता ज्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं. मातीतले जीवाणू टाकीत वाढतात, बेडूक टाकीत वाढवून औषध काढणं परवडत नाही आणि तसं करूही नये.

बेडूक स्वतः हे कसं वापरतो ते बघा. तो गोळी घेत नाही. जिथे लागलंय तिथे, अंगाबाहेर, तेवढ्यापुरतं सोडतो, मग ते धुऊन जातं. आणि एकच पेप्टाइड सोडत नाही, दहा-वीस प्रकारची एकदम, कोणी भोक पाडणारं, कोणी आत शिरून वेगळंच काहीतरी बिघडवणारं, आपल्या भाजीच्या मसाल्यासारखं मिश्रण. आपण त्यातला एक मसाला उचलला, शुद्ध केला, आणि म्हटलं चला आता सगळी भाजी याच्यावरच होऊ दे.

रेझिस्टन्सच्या, म्हणजे बॅक्टेरिया औषधाला दाद देईनासा होण्याच्या, बाबतीतही हेच दिसलं. सुरुवातीला सगळे खुश होते की मेम्ब्रेनवर हल्ला आहे, बॅक्टेरिया आख्खं मेम्ब्रेन थोडीच बदलणार, म्हणजे रेझिस्टन्स येणारच नाही. झासलॉफ स्वतः असं म्हणायचे. कॅनडातले उत्क्रांतीचे अभ्यासक ग्रॅहम बेल म्हणाले, येणार. मग दोघांनी मिळून प्रयोग केला, ही मला विज्ञानातली फार सभ्य गोष्ट वाटते, भांडण पेपरात करायचं नाही, टेबलवर करायचं. बॅक्टेरियाला पेक्सिगननचा डोस हळूहळू वाढवत ६००-७०० पिढ्या वाढवलं आणि २००६ मध्ये निकाल छापला, रेझिस्टन्स आला. बेल जिंकले. आणि झासलॉफचं नाव त्या पेपरवर आहे.

हे कसं शक्य आहे? बॅक्टेरिया आपल्या बाहेरच्या आवरणावरचा निगेटिव्ह चार्ज थोडा झाकू शकतो, किंवा पेप्टाइड कापणारी कात्री बनवू शकतो. कोलिस्टिन हे हॉस्पिटलमधलं शेवटच्या फळीचं औषध, तेही पेप्टाइडच, मेम्ब्रेनवरच काम करणारं, बेडकाचं नाही जीवाणूंचं, त्याच्याविरुद्ध एमसीआर-१ नावाचा जीन २०१५ मध्ये चीनमधून रिपोर्ट झाला. तो जीन चार्ज झाकायचंच काम करतो, आणि एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात सहज जातो. तिकडे डुकरांना वाढीसाठी कोलिस्टिन देत होते. आपल्याकडेही कोंबड्यांना द्यायचे, २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली.

खुद्द बेडूकही सगळीकडे जिंकत नाही. कायट्रिड नावाची बुरशी आहे, ती बेडकाच्या कातडीतच वाढते, कातडी जाड होते, क्षारांचं गणित बिघडतं आणि शेवटी हृदय थांबतं. २०१९ मध्ये जगभरचा हिशोब मांडला तर ५०१ जातींची संख्या या बुरशीने घटली आणि ९० जाती बहुधा कायमच्या गेल्या. काही जातींची पेप्टाइड या बुरशीला रोखतात, काहींची नाही. काही बेडकांच्या अंगावर चांगले बॅक्टेरिया राहतात, त्यातला एक जांभळा रंग बनवतो आणि तो रंगच बुरशीला मारतो. म्हणजे पेप्टाइड सगळेच जंतू सरसकट मारत नाहीत, भाडेकरू ठेवतात, काही चांगले भाडेकरू.

मग आता काम कुठे चाललंय? बरंचसं पेप्टाइड मजबूत करण्यावर. एक युक्ती खुद्द बेडकाकडूनच आलीय. अमिनो आम्लं डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपात असतात आणि सजीवांची प्रोटीन जवळजवळ सगळी डाव्या हाताची. पण १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडबेडकाच्या कातडीत डर्मॉर्फिन सापडलं, ते ॲन्टिबायोटिक नाही, दुखणं मारणारं आहे, पण त्यात एक मणी चक्क उजव्या हाताचा होता. एन्झाइमची कात्री डाव्या हातासाठी बनलेली, तिला उजवा मणी कापताच येत नाही. म्हणून आता मुद्दाम उजवे मणी घालून पेप्टाइड बनवतात, किंवा टायगरिनिनसारखं कडं करतात, किंवा शेपटाला चरबीचा तुकडा जोडतात. आणि पोटातून द्यायच्या ऐवजी जखमेवर लावायचं, कॅथेटरच्या नळीला आतून लेप द्यायचा, जुन्या ॲन्टिबायोटिकबरोबर जोडीने द्यायचं, म्हणजे हे भोक पाडेल आणि ते आत शिरेल. थोडक्यात बेडकासारखं वापरायचं. घाई आहेच, २०१९ या एका वर्षात रेझिस्टंट बॅक्टेरियामुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलेला अंदाज आहे.

हे सगळं वाचून कोणी जखमेवर बेडूक घासायला जाऊ नका, प्लीज. त्याच्या अंगावर पेप्टाइडबरोबर साल्मोनेलाही असू शकतो. आणि आपल्या अंगणात दिसतो तो बऱ्याचदा बेडूक नसतो, भेक असतो, खरखरीत पाठीचा, डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असलेला. त्या गाठीत हृदयावर परिणाम करणारं विष असतं. कुत्र्याने तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो, आमच्या बिल्डिंगमधल्या लॅब्रॅडॉरने हा प्रयोग दोनदा केलाय, त्याला तो पहिल्यांदा पुरेसा वाटला नसावा. असं झालं तर तोंड पाण्याने धुवायचं आणि सरळ व्हेटकडे जायचं.

भाच्याला मी उचलायला शिकवलं. हात आधी साध्या पाण्याने ओला करायचा, साबण, सॅनिटायझर, ओडोमॉस काही लागलेलं नको, कारण त्याची कातडी सगळं आत ओढते. घट्ट दाबायचं नाही, दाबलं की कोन पिळला जातो आणि बिचाऱ्याचा साठा फुकट. त्याने त्याला मगमध्ये घेतलं, वर पेपर धरला आणि मागच्या ओढ्याशी अळूच्या पानांत सोडून आला. येऊन साबणाने हात धुतले, बोटं वर करून निरखून बघितली आणि सासूबाईंना दाखवली, "आजी, बघ, काही नाही." त्या म्हणाल्या, "लगेच नाही येत."

तिसऱ्या दिवशी बेडूक परत बादलीमागे होता.